लवेवरून नर-मादीची पारख : पट्टेदार कोंबड्यांची पैदास आणि जातीची आदर्श लक्षणे

माळशिरस तालुक्यातील शेतकऱ्यास जनावराची पारख नव्याने शिकवावी लागत नाही. खिलार खोंड घेताना तो शिंगांची मागे जाऊन वर वळणारी ठेवण, कपाळ, खूर व शेपटीचा गोंडा पाहतो. दिवाळीच्या सुमारास अकलूज येथे भरणाऱ्या घोडेबाजारात तर अंगावरील एकेका खुणेवरून किमतीत फरक पडतो. कोंबडीच्या बाबतीत मात्र हाच चोखंदळ शेतकरी पाटीभर पिले डोळे मिटून घेतो. त्यांत नर किती व माद्या किती हे त्यास सहा ते आठ आठवडे कळत नाही आणि तोपर्यंत खाद्याचा खर्च होऊन गेलेला असतो.

या खर्चाचा हिशेब सोपा आहे. एका घरी ४० पिले आणली तर निसर्गनियमाने त्यांत सुमारे २० नर निघतात. अंडी देणाऱ्या हलक्या जातीचे पिलू पहिल्या आठ आठवड्यांत साधारणपणे पावणेदोन ते दोन किलो खाद्य खाते. म्हणजे तुरा वाढून नर ओळखू येईपर्यंत २० नरांनी ३५ ते ४० किलो खाद्य संपविलेले असते. हलक्या जातीच्या नराच्या अंगावर मांसही बेताचेच असते. त्यातच जत्रेत व बाजारात रंगवून विकावयास येणारी स्वस्त पिले ही बहुधा उबवणी केंद्रांनी अंड्यांच्या जातीतून वेगळे काढलेले नरच असतात. अंड्यांच्या आशेने ती घेणाऱ्या घरची निराशा होते.

पिलू अंड्याबाहेर आल्याच दिवशी त्याच्या लवेवरून नर-मादी ओळखता येईल अशा कोंबड्यांच्या जाती तयार झालेल्या आहेत. इंग्रजीत त्यांस ‘ऑटोसेक्सिंग’ जाती म्हणतात. त्यांची पैदास कोणत्या तत्त्वावर होते, त्यांची आदर्श लक्षणे कोणती आणि ती टिकविण्यासाठी निवड कशी करावी, याची माहिती पुढे दिली आहे.

पिलांतील नर-मादी ओळखण्याच्या रीती

एक दिवसाच्या पिलांची पारख करण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत.

पहिली रीत गुदद्वार तपासण्याची. जपानमधील मासुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० नंतरच्या दशकात ती शास्त्रीय पायावर बसविली. पिलाचे गुदद्वार हलके उघडून आतील बारीक उंचवट्यावरून नर ओळखावयाचा असतो. मोठ्या उबवणी केंद्रांतील सराईत माणसे हे काम वेगाने करतात. परंतु हे कसब मिळविण्यास दीर्घ सराव लागतो, आणि नवख्या हाताने पिलास इजा होते. खेड्यात ही रीत उपयोगाची नाही.

दुसरी रीत पंखाच्या पिसांची. काही वाणांत पिसे लवकर फुटतात, तर काहींत उशिरा. लवकर पिसे फुटणारा कोंबडा व उशिरा पिसे फुटणारी कोंबडी यांची जोडी लावल्यास माद्यांच्या पंखांतील मुख्य पिसे त्यांवरील आच्छादक पिसांहून लांब दिसतात. नरांत ती सारखी किंवा आखूड असतात. ही खूण पहिल्या दिवशीच पाहावी लागते आणि मातापित्यांचे वाण तसे बांधलेले असतील तरच ती मिळते.

तिसरी रीत लवेच्या रंगाची. तीस यंत्र लागत नाही व पिलास इजा होत नाही. दिवसाच्या उजेडात घरातील कोणाही व्यक्तीस ती जमते. या लेखाचा विषय हीच रीत होय.

रंग आणि लिंग यांचा संबंध

गाईगुरांत वासरू नर होणार की मादी हे वळूकडून ठरते. कोंबड्यांत नेमके उलट आहे. येथे ते कोंबडीकडून ठरते. कोंबड्याजवळ झेड नावाची दोन गुणसूत्रे असतात. कोंबडीजवळ एक झेड व एक डब्ल्यू असते. कोंबडी आपले झेड मुलास देते व डब्ल्यू मुलीस देते. कोंबडा मात्र मुलगा व मुलगी दोघांसही एकेक झेड देतो. म्हणून झेडवर असलेल्या गुणांच्या बाबतीत मुलगी केवळ बापावर जाते, आणि मुलास आई व बाप दोघांचाही वाटा मिळतो. एवढे एक सूत्र पक्के ध्यानात ठेवले तर पुढील सर्व भाग सुलभ होतो.

पिसावर आडवे पांढरे पट्टे उमटविणारा एक गुण याच झेड गुणसूत्रावर असतो. पट्टेदार प्लायमाउथ रॉक या अमेरिकी जातीत तो ठळक दिसतो. पीस वाढत असताना रंग पुरविणाऱ्या पेशींचे काम मधून मधून थांबते आणि तेवढा भाग पांढरा राहतो. हा गुण गुणसूत्रावर नेमका कोठे आहे, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

कोंबडीजवळ झेड एकच असल्याने तिला या गुणाची एकच मात्रा मिळते. शुद्ध पट्टेदार कोंबड्याजवळ मात्र दोन मात्रा असतात. एका तांब्यात एक चमचा दूध व दुसऱ्यात दोन चमचे दूध घातल्यास दुसरे पाणी जसे अधिक पांढुरके दिसते, तसेच येथे होते. दोन मात्रांचा नर फिकट दिसतो आणि एका मात्रेची मादी गडद राहते. हा फरक मोठ्या पक्ष्यात दिसतोच, परंतु योग्य रंगाच्या पार्श्वभूमीवर तो पहिल्या दिवसाच्या लवेतही दिसतो.

एका पिढीचा संकर

या ज्ञानाचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे एका पिढीचा संकर. ऱ्होड आयलंड रेड किंवा ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प जातीचा कोंबडा पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडीस लावावा. या जोडीची सर्व पिले काळी निघतात. ज्यांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असेल ते नर होत, आणि ज्यांचे डोके साफ काळे असेल त्या माद्या होत. कारण पट्ट्याचा गुण आईजवळ आहे. तो तिने मुलास दिला आणि मुलीस दिला नाही.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक जोडी उलटी लावण्याची. पट्टेदार कोंबडा व तांबडी कोंबडी घेतल्यास बापाकडून सर्वच पिलांस पट्ट्याचा गुण जातो आणि सर्वांच्याच डोक्यावर ठिपका येतो. वरील खात्रीची खूण तेथे उरत नाही.

दुसरी चूक अधिक नुकसानीची आहे. संकराच्या पिलांत नर-मादी छान ओळखता आल्या म्हणून शेतकरी त्याच पिलांस वाढवून त्यांची आपसांत जोडी लावतो. पुढील पिढीत मात्र पट्टे नरांतही व माद्यांतही मिसळून येतात आणि खूण नाहीशी होते. संकराचा हा गुण एका उबवणीपुरताच असतो. तो पुन्हा हवा असल्यास प्रत्येक वेळी दोन्ही शुद्ध जाती जवळ असावयास पाहिजेत. ज्याच्याजवळ दोन शुद्ध कळप वेगळे ठेवण्याची सोय आहे, त्यासच हा मार्ग परवडतो.

स्थिर जात : लवेतच लिंग दाखविणारी

ही अडचण केंब्रिज येथे सुटली. इंग्लंडातील आनुवंशिकीचे अभ्यासक रेजिनाल्ड पनेट यांनी पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना पिसांच्या रंगावरून नर लवकर ओळखून खाद्य वाचवावे, असे सुचविले होते. पुढे त्यांनी व मायकेल पीझ यांनी १९२९ च्या सुमारास पट्टेदार प्लायमाउथ रॉकचा पट्टा सोनेरी कॅम्पाइन या जातीत उतरविला. त्यातून ‘कॅम्बार’ ही पहिली स्थिर जात निर्माण झाली. ‘बार’ म्हणजे पट्टा. पुढे तपकिरी लेगहॉर्नच्या आधाराने ‘लेगबार’, वेलसमरपासून ‘वेलबार’, ऱ्होड आयलंड रेडपासून ‘ऱ्होडबार’ अशी नावे रूढ झाली. लेगबारच्या सोनेरी प्रकाराचे प्रमाण इंग्लंडात १९४५ साली ठरले, रुपेरी प्रकाराचे १९५१ साली आणि मलईरंगी प्रकाराचे १९५८ साली. या शेवटच्या प्रकारात दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या कोंबड्यांचे रक्त असल्याने तिची अंडी निळसर-हिरवट असतात आणि डोक्यावर पिसांचा झुबका असतो.

या जातींत कोंबडा व कोंबडी दोघेही पट्टेदार आणि एकाच जातीचे असतात. त्यांची पिले पिढ्यान् पिढ्या त्याच खुणा घेऊन जन्मतात. संकर एका उबवणीचे उत्तर देतो. स्थिर जात दर उबवणीस उत्तर देते. मात्र ती ‘स्थिर’ राहते ती आपोआप नव्हे, तर निवडीने.

पार्श्वभूमी कोणती असावी

पट्ट्याची खूण कोणत्याही रंगावर सारखी उठत नाही. खारीच्या पाठीवर असतात तसे गडद व फिकट लांब पट्टे ज्या पिलांच्या पाठीवर असतात, ती पार्श्वभूमी सर्वांत उत्तम. तपकिरी लेगहॉर्नची पिले अशी असतात आणि आपल्या गावरान कोंबड्यांच्या पिलांतही ती पुष्कळदा आढळतात. अशा पार्श्वभूमीवर एक मात्रा असलेल्या मादी पिलाच्या पाठीवरील पट्टे स्पष्ट राहतात, डोळ्यामागे काजळाच्या रेघेसारखी रेषा दिसते आणि डोक्यावरील पांढुरका ठिपका लहान असतो. दोन मात्रा असलेल्या नर पिलाचा सर्व रंग धुवून काढल्यासारखा फिकट होतो, पट्ट्यांच्या कडा पुसट होतात आणि डोक्यावरील ठिपका मोठा व पसरट दिसतो.

काळ्या पार्श्वभूमीवर, म्हणजे खुद्द प्लायमाउथ रॉकमध्ये, फरक केवळ ठिपक्याच्या आकाराचा राहतो व तो पूर्ण खात्रीचा नसतो. तांबड्या पार्श्वभूमीवर तो खारपट्ट्याइतका ठळक उठत नाही. पांढऱ्या लेगहॉर्नवर तर काहीच दिसत नाही, कारण तिचा पांढरा रंग इतर सर्व रंगांस झाकून टाकतो.

नवीन कळप कसा बांधावा

पट्ट्याचा गुण खारपट्ट्याच्या कळपात उतरविण्यास निदान चार पिढ्या लागतात. वर्षास एक पिढी धरल्यास हे चार वर्षांचे काम आहे. म्हणून ते एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा दोन-तीन घरांनी मिळून करावे हे बरे.

पहिली पिढी : खारपट्ट्याच्या वाणाचा कोंबडा व पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची जोडी लावावी. पिले काळी निघतील; नर पट्टेदार व माद्या बिनपट्ट्याच्या असतील. माद्या अंड्यांसाठी वापराव्यात. पैदाशीसाठी नर ठेवावेत.

दुसरी पिढी : हे पट्टेदार नर खारपट्ट्याच्या कोंबड्यांस लावावेत. सरासरीने चारांतील एक पिलू पट्ट्याचे व काळेपणा नसलेले निघते. तेवढेच निवडावे. काळे पिलू कितीही जोमदार असले तरी पैदाशीस घेऊ नये, कारण काळा रंग खारपट्ट्यास झाकतो. या पिढीत पट्ट्याच्या नर व मादी दोघांजवळही एकच मात्रा असते. त्यामुळे पिलांत फरक दिसणार नाही. त्याने निराश होऊ नये.

तिसरी पिढी : निवडलेल्या पट्टेदार नरमाद्यांची जोडी लावावी. सरासरीने १०० पिलांत २५ फिकट नर दोन मात्रांचे, २५ नर एका मात्रेचे, २५ माद्या एका मात्रेच्या व २५ माद्या बिनपट्ट्याच्या निघतात. ठेवावयाचे ते फिकट नर, आणि मोठेपणी मादी ठरलेल्या पट्टेदार तलंगा.

चौथी पिढी : दोन मात्रांचा नर व पट्टेदार मादी यांची सर्व पिले पट्टेदार निघतात. नर फिकट व माद्या गडद असतात. येथून जात स्थिर झाली असे समजावे. पुढील काम सुधारणेचे असते.

एखादा नर खरोखर दोन मात्रांचा आहे की नाही अशी शंका आल्यास त्याची परीक्षा घ्यावी. तो बिनपट्ट्याच्या कोंबड्यांस लावून पिले काढावीत. एकही पिलू बिनपट्ट्याचे निघाल्यास तो एकाच मात्रेचा होय. आठही पिले पट्टेदार निघाली तर नर शुद्ध असण्याची बळकट खात्री होते. एका मात्रेच्या नराकडून आठही पिले केवळ योगायोगाने पट्टेदार निघण्याचा संभव २५६ मध्ये एक एवढाच असतो.

गावात पट्टेरी पिसांच्या कोंबड्या आढळतात. त्या सर्वांत हाच गुण असतो असे मात्र नाही. काहींचे पट्टे झेडवर नसलेल्या वेगळ्या गुणांमुळे असतात. अशा कोंबडीस बिनपट्ट्याचा तांबडा किंवा काळा कोंबडा लावून पाहावे. मुलगे पट्टेदार व मुली बिनपट्ट्याच्या निघाल्यास हवा तो गुण तिच्यात आहे असे जाणावे.

कडकनाथ, असील किंवा नंदुरबारकडील बुसरा यांसारख्या, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद झालेल्या देशी जातींचे शुद्ध कळप ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ते या प्रयोगात मोडू नयेत. मिश्र गावरान कळपांतूनच या कामास पक्षी निवडावेत.

जातीची आदर्श लक्षणे

जातीचे प्रमाण म्हणजे त्या जातीच्या आदर्श पक्ष्याचे लेखी वर्णन होय. अमेरिकेत असे पहिले प्रमाणपुस्तक १८७४ साली निघाले. इंग्लंडातील पोल्ट्री क्लब १८७७ सालचा आहे. शरीराची ठेवण, तुरा, कानाची पाळी, पायाच्या नळीचा रंग, वजन, पिसारा आणि दोष यांची नोंद प्रमाणात असते, आणि प्रदर्शनातील परीक्षक त्यावरून गुण देतात.

परंतु प्रमाण हे दुधारी हत्यार आहे. पट्टेदार प्लायमाउथ रॉकचे उदाहरण बोधप्रद आहे. त्या जातीत कोंबडा व कोंबडी एकाच छटेचे असावेत असा प्रदर्शनाचा आग्रह होता. निसर्गतः नर फिकट व मादी गडद. मग दोघे सारखे कसे व्हावेत? ते साधण्यासाठी प्रदर्शनप्रिय पैदासकारांनी दोन वेगळे कळप ठेवले. एकातून प्रदर्शनाचे नर व दुसऱ्यातून प्रदर्शनाच्या माद्या काढल्या जात. डोळ्यास शोभेल म्हणून केलेली निवड अशी निसर्गाने दिलेली उपयुक्त खूणच पुसट करू लागते.

लवेतून लिंग दाखविणाऱ्या जातीत याच्या उलट करावयाचे असते. तेथे नर व मादी यांचा रंग वेगळा असणे हाच जातीचा पहिला गुण होय. म्हणून अशा कळपाचे प्रमाण मोठ्या पक्ष्यापासून नव्हे, तर एक दिवसाच्या पिलापासून सुरू व्हावयास पाहिजे. घरच्या कळपासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. पिलाची लव : नर स्पष्ट फिकट, मादी स्पष्ट पट्ट्यांची. शंकास्पद पिलास येथेच बाद करावे.
२. मोठ्या पक्ष्याचा पिसारा : नराच्या पिसांवरील पांढरे पट्टे रुंद व एकंदर छटा फिकट, मादीचे पट्टे मऊ व छटा गडद.
३. अंडी : संख्या, वजन व कवचाचा एकसारखा रंग.
४. प्रकृती व ठेवण : रुंद पाठ, चमकदार डोळे, सरळ बोटे, वाकड्या कण्याचा अभाव.
५. तुरा, पाळी व पायाचा रंग : कळपात एकसारखे असावेत, परंतु या खुणांसाठी वरील चार गोष्टींचा बळी देऊ नये.

देखण्या कोंबड्याचा धोका

कळप बिघडण्याचे नेहमीचे कारण एकच असते. पैदाशीसाठी नर निवडताना शेतकऱ्याची दृष्टी गडद रंगाच्या, भरदार पिसाऱ्याच्या कोंबड्यावर जाते. फिकट कोंबडा त्यास मलूल वाटतो. परंतु या जातीत गडद नर हा पुष्कळदा एकाच मात्रेचा असतो. शेजारच्या बिनपट्ट्याच्या कोंबड्याची छाया कळपात पडली की असे नर जन्मतात, आणि तेच नेमके डोळ्यात भरतात.

असा एक नर कळपास लावला तर काय होते ते पाहावे. त्याच्या मुलींपैकी निम्म्या बिनपट्ट्याच्या होतात. मुलग्यांपैकी निम्मे एकाच मात्रेचे होतात व पहिल्या दिवशी मादीसारखे दिसतात. म्हणजे ‘मादी’ म्हणून ठेवलेल्या टोपलीत दर तीन पिलांमागे एक नर येतो. हीच पिले शेजाऱ्यास माद्या म्हणून विकली तर दोन महिन्यांनी ती आरवू लागतात आणि विकणाऱ्याचा शब्द खोटा पडतो. एका कोंबड्याच्या रुबाबापायी चार वर्षांचे काम असे एका हंगामात वाया जाते.

यास्तव पैदाशीचा नर मोठेपणी पाहून निवडू नये. पहिल्याच दिवशी फिकट म्हणून ज्यास खूण केली होती, त्यांतूनच तो निवडावा. तलंगांच्या बाबतीतही हाच नियम आहे. ज्यांची लव जन्माच्या दिवशी स्पष्ट होती त्याच ठेवाव्यात.

खूण आणि नोंद

जन्मदिवसाची लव आठवडाभरात पिसांखाली झाकू लागते; म्हणून त्याच दिवशी खूण केली पाहिजे. कोंबडीच्या प्रत्येक पायास बोटांमधील दोन लहान पडदे असतात, म्हणजे दोन्ही पायांस मिळून चार. लहान स्वच्छ पंचाने यांतील ठरावीक पडद्यास छिद्र पाडतात. कोणत्या पडद्यास छिद्र आहे व कोणत्यास नाही यावरून १६ प्रकारच्या खुणा होतात. घरच्या कळपास त्या पुरेशा आहेत. मोठेपणी पायात क्रमांकाची कडी घालावी.

साध्या वहीत प्रत्येक उबवणीसाठी पुढील रकाने आखावेत : खुराड्याचा क्रमांक, बापाचा क्रमांक, निघालेली पिले, स्पष्ट नर, स्पष्ट माद्या, शंकास्पद, आणि आठ आठवड्यांनंतर आढळलेल्या चुका. उदाहरणार्थ, ६० पिलांत २८ स्पष्ट नर, २७ स्पष्ट माद्या व ५ शंकास्पद अशी नोंद झाली, आणि आठ आठवड्यांनी ‘माद्यां’त ३ नर निघाले, तर चूक ५५ मध्ये ३ एवढी झाली. दर वर्षी शंकास्पद व चुकीच्या पिलांचा आकडा कमी झाला पाहिजे. तो वाढला तर एखादा नर एका मात्रेचा आहे असे समजून त्याची परीक्षा घ्यावी. शंकास्पद पिले विकताना ती माद्या म्हणून विकू नयेत.

अकलूज भागासाठी व्यवस्था

नीरेच्या काठी व कालव्याखाली ऊस असला तरी हा प्रदेश मूळचा कोरडा व उष्ण. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा उष्म्यात साठविलेल्या अंड्यांतील गर्भ बिघडतो व कोंबड्याची फलनशक्तीही मंदावते. यासाठी पैदाशीची उबवणी ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत करावी. अंडी थंड जागी, सात दिवसांपेक्षा अधिक न ठेवता उबवावीत. पिले २१ व्या दिवशी निघतात. पहिल्या आठवड्यात कृत्रिम दाईखाली सुमारे ३५ अंश उष्णता ठेवावी व दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावी.

पैदाशीचा कळप जाळीच्या खुराड्यात ठेवलाच पाहिजे. गल्लीतील एखादा मोकळा कोंबडा एका दुपारीही आत आला तर नोंदी निरर्थक होतात. कोंबडा बदलल्यावर तीन आठवड्यांपर्यंतची अंडी उबवणीस घेऊ नयेत, कारण आधीच्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या शरीरात तेवढे दिवस टिकू शकते. एका नरामागे ८ ते १० माद्या ठेवाव्यात. निदान तीन खुराडी असावीत आणि दर वर्षी एका खुराड्याचे निवडक नर पुढच्या खुराड्यात न्यावेत. त्यामुळे जवळच्या नात्यातील जोड्या टळतात. तीन घरांनी एकेक खुराडे सांभाळल्यास हे सहज जमते. राणीखेत व देवी यांवरील लसी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्याव्यात. पैदाशीबाबत शंका असल्यास शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचा सल्ला घेता येईल.

या जातींची मर्यादा

लवेतून लिंग कळते म्हणून अंडी वाढत नाहीत. वर्षास ३०० च्या आसपास अंडी देणाऱ्या आजच्या व्यापारी संकराशी या जातींची तुलना करू नये. ज्यास हजारो पक्षी पिंजऱ्यात ठेवावयाचे आहेत त्याने उबवणी केंद्राच्या मादी पिलांचाच विचार करावा. जे घर आपली पिले आपणच उबविते, ज्यास दर हंगामास बाहेरून पिले आणणे परवडत नाही, आणि ज्यास शेजाऱ्यांस खात्रीच्या माद्या विकावयाच्या आहेत, त्याच्यासाठी ही जात आहे.

नरांचाही यात लाभ आहे. ते पहिल्या दिवसापासून वेगळे करता येतात, त्यांस मांसासाठी स्वस्त खाद्यावर वाढवून लवकर विकता येते आणि माद्यांस खाद्य व जागा पुरेशी मिळते. अंड्यांच्या जातीतील नर पिले मारण्यास जर्मनीने २०२२ पासून बंदी घातली, तेव्हापासून नर ओळखण्याच्या व त्यांचा उपयोग करण्याच्या रीतींकडे जगभर अधिक लक्ष गेले आहे. आपल्याकडे गावरान कोंबड्यास मागणी असल्याने हा प्रश्न खेड्यातल्या खेड्यात सोडविता येतो.

ग्रामसेवकांनी सांगावयाच्या गोष्टी

१. एका पिढीच्या संकराची पिले पुन्हा पैदाशीस वापरू नयेत.
२. संकरात पट्टेदार कोंबडी व बिनपट्ट्याचा कोंबडा हीच जोडी ठेवावी, उलटी नव्हे.
३. स्थिर जातीत पैदाशीचा नर पहिल्या दिवशी फिकट असलेल्या पिलांतूनच निवडावा. गडद देखण्या नराचा मोह टाळावा.
४. पिलांची पारख दिवसाच्या उजेडात, पिले पूर्ण सुकल्यावर व चोवीस तासांच्या आत करावी.
५. शंकास्पद पिलू पैदाशीस ठेवू नये आणि मादी म्हणून विकूही नये.
६. वहीतील चुकांचा आकडा दर वर्षी कमी होतो की नाही हे पाहावे.

खिलाराची जात टिकली ती पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीने. कोंबडीच्या एका पिढीस वर्षच लागत असल्याने निवडीचे फळ येथे लवकर हाती येते, आणि हलगर्जीपणाचेही तितक्याच लवकर भोगावे लागते. पहिल्या दिवशी प्रत्येक पिलू हातात घेऊन पाहण्याची व वहीत दोन ओळी लिहिण्याची सवय ज्या घरास लागेल, त्याच घरी ही जात टिकेल.